आठ दिवसांचं केरळ, राहू-भिगवण मार्गे

केरळला जायचं ठरलं ते पाबळच्या आठवडे बाजारात. जैनब माझ्या हातात बांगड्या भरत होती. ती शिरूरची, बांगड्यांचा धंदा तिच्या घरात सासूच्याही आधीपासूनचा, आणि गेली चाळीस वर्षं माझं मनगट तिच्याच ताब्यात आहे. माझा पंजा दाबता दाबता म्हणाली, "हौसे, हाडं राह्यलीत नुसती. आपण कवा कुठं जायचं का न्हाई?"

मी म्हटलं, "जायाचंच हाय की आता. वर."

"वर जायाच्या आधी खाली जाऊ," ती म्हणाली. "केरळला."

झालं, ठरलं.

आधीच सांगते, हे मी बोलतेय आणि माझी सून सुनीता मोबाइलवर टाइप करतेय. मला अक्षर येत नाही. तिच्या नवऱ्याबद्दल, म्हणजे माझ्या लेकाबद्दल, काही आलं की तिची बोटं जरा जास्तच भराभर चालतात, तेवढं समजून घ्या.

शिरूरला एक सहलीची कंपनी होती. होती म्हणते, कारण आता नाही. काचेचं दार, गार हवा, भिंतीवर हाउसबोटीचं हे एवढं चित्र. मालक आपल्याकडचाच. त्याच्या लग्नात मी आणि जैनब दोघीही पंगतीला बसलो होतो, बुंदी चांगली होती. त्यानं पैसे मोजून घेतले, आम्हाला दोन टोप्या दिल्या, चहा पाजला आणि आठ दिवसांचा कार्यक्रम छापलेला एक कागद दिला. रेल्वेची तिकिटं आम्ही मागितली नाहीत. ज्याच्या लग्नात जेवलो त्याला "तिकीट दाखव बरं" असं कोणत्या तोंडानं म्हणायचं? आमच्या सगळ्यांची चूक इथंच झाली. तुम्ही जाणार असाल तर मागा. जेवला असाल तरी मागा.

माझा लेक दत्ता रांजणगावच्या एमआयडीसीत आहे. तो म्हणाला, "आई, ह्या वयात कशाला? कुठं पडलीबिडलीस तर?"

"आन् घरात पडले तर चालतंय व्हय रं?"

तीन दिवस तोंड फुगवून चौथ्या दिवशी तो हो म्हणाला. दोन म्हशी सुनीतानं आठ दिवस बघायच्या असं ठरलं. लग्न होऊन केंदूरला आल्यापासून मी घराबाहेर सलग राहिले ती बाळंतपणाला आणि दवाखान्यात. स्वतःच्या मर्जीनं आठ दिवस पहिल्यांदाच मिळत होते.

गल्लीत बातमी फुटली. कागदावर सातव्या दिवशी कन्याकुमारी होती, तीन समुद्र एकत्र येतात ती जागा. बायकांनी 'संगम' एवढंच ऐकलं आणि माझ्या सहलीची तीर्थयात्रा करून टाकली. निघायच्या दिवशी हळद-कुंकू लावलं, ओटी भरली आणि अकरा घरांतून अकरा नारळ आले. आमच्यात असं आहे की कुणी मोठ्या पाण्याला निघालं की त्याच्या हाती नारळ द्यायचा. त्यानं तो पाण्याला अर्पण करायचा आणि देणाऱ्याच्या घरी प्रसाद पोचवायचा. प्रसाद पोचेपर्यंत यात्रा पुरी झाली असं कुणी मानत नाही. तर अशी मी, पोत्यात अकरा नारळ घालून केरळला निघालेली जगातली पहिलीच बाई.

पहिला दिवस: दौंड स्टेशन

केंदूरहून शिक्रापूर, न्हावरा, चौफुला, पाटस करत दौंडला आलो. न्हावऱ्यापर्यंत उसाच्या ट्रॉल्या आडव्या येतात, त्यामुळं वेळ हातात ठेवून निघा. दत्तानं स्टेशनावर सोडलं आणि कामाला पळाला. फलाटावर आमच्यासारखी तीस-पस्तीस माणसं होती, सगळ्यांच्या डोक्यावर तीच टोपी. तिकिटं टूर मॅनेजर आणणार होता.

सकाळची गाडी आली. उभी राहिली. गेली. मॅनेजर आला नाही, त्याचा फोन बंद, मालकाचा फोन बंद. मग शिरूरहून कुणीतरी मोबाइलवर फोटो पाठवला: ऑफिसचं शटर खाली आणि त्यावर चिकटवलेला कागद. तो वाचला शिरूरच्या शेळके गुरुजींनी. ते निवृत्त मास्तर, पत्नी शांताबाईंबरोबर याच सहलीला निघालेले. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि म्हणाले, "कंपनी बंद झाली आहे. सर्व सहली रद्द."

फलाटावर काय झालं ते सांगवत नाही. एक नवी नवरी बॅगेवर बसली ती उठेचना. रांजणगावच्या कारखान्यातला एक माणूस म्हणत होता, "पैसं मिळतील कवातरी. सुट्टी कोण देणार परत? वर्षभर दुसऱ्याच्या शिफ्टा करून आठ दिवस जमवलं होतं मी." एक जण कपाळावर हात मारून म्हणाला, "आपल्यालाच अक्कल न्हाई."

ते मला सहन झालं नाही. मी म्हटलं, "का वं? पळून गेला तो, आन् मान आपण खाली घालायची व्हय? वर करा मान. टोपी पडंल."

गुरुजींनी तिथंच बाकड्यावर बसून तक्रार लिहिली. सगळ्यांनी सह्या केल्या, मी अंगठा दिला. पोलिसांत गेलो, तिथल्या साहेबांनी कागद घेतला, म्हणाले, "आज्जी, काय झालं की घरी कळवू."

"कळवा," मी म्हटलं, "पण आठ दिवस मी घरी न्हाई."

तोंडातून गेलं खरं, पण जायचं कुठं होतं? माणसं एकेक करून घरी निघाली. मला ती वाट दिसत होती. आज परत गेले की गल्ली दारात उभी राहील, दत्ता "म्हणलं नव्हतं का" म्हणेल, संध्याकाळी मी म्हशीखाली बसेन, आणि पुढं मरेपर्यंत कुठं जायचं नाव काढलं की हाच दिवस माझ्यासमोर धरला जाईल. पोत्यात अकरा नारळ. जैनब माझ्याकडं बघत होती, मी तिच्याकडं.

तेवढ्यात एक माणूस घाम पुसत आला आणि विचारू लागला, "केरळवाली पार्टी कुठंय? भांडी चढवायचीत." हा बापू आचारी, दौंड तालुक्यातल्या राहू गावचा. आपल्या माणसांना परमुलखाचं खाणं मानवत नाही, म्हणून अशा सहलींबरोबर आपला आचारी पाठवतात. बाहेर त्याच्या टेंपोत पातेली, शेगडी, तांदूळ, बेसन, शेंगदाण्याचा कूट, सगळं भरलेलं. त्याला झालेलं सांगितलं तर तो बिचारा मटकन खालीच बसला.

मी विचारलं, "बापू, भांडी कुणाची?"

"माझी की. माझी सोताची."

"टेंपो?"

"माझाच."

"आन् तू?"

"मी बी माझाच, आज्जी. आजपस्नं."

"मंग कंपनी कुठं बंद झाली?" मी म्हटलं. "गुरुजी, तो कागद वाचा बघू. पहिल्या दिवशी काय लिव्हलंय?"

गुरुजी आधी माझ्याकडं असे बघत राहिले जशी काही मी वर्गात उशिरा आलेय. मग वाचलं: "दुपारचे भोजन. त्यानंतर मुक्कामाच्या दिशेने प्रस्थान."

"मंग प्रस्थान करू."

"अहो हौसाबाई, हा केरळचा कार्यक्रम आहे."

शांताबाई तोवर एक शब्द बोलल्या नव्हत्या. त्या उठल्या आणि आपली बॅग टेंपोत टाकून आल्या. गुरुजींचा प्रश्न मिटला. असे आम्ही पाच झालो: मी, जैनब, गुरुजी, शांताबाई आणि बापू. बापूनं पातेल्यांच्या मधे गादी घातली, गुरुजींना पुढं केबिनमधे बसवलं, आणि आमची सहल राहूच्या दिशेनं निघाली. मुक्काम बापूच्या घरी. दोन खोल्या, अंगण, आणि त्याची बायको मंदा, जिनं चार पाहुणे बघून एवढंच विचारलं, "तिखट चालतंय ना?"

दुसरा दिवस: चहाचे मळे आणि मसाल्याची बाग

कागदावर तसंच होतं. गुरुजींनी सकाळी अंगणात उभं राहून खणखणीत वाचलं, "नाष्ट्यानंतर हिरव्यागार चहाच्या मळ्यांतून फेरफटका." राहूला हिरवं म्हणजे ऊस. नदीकाठाला जिकडं बघाल तिकडं ऊस. मी जन्मभर उसात राबलेय, पण उसातून नुसती चाललेय असं कधी झालं नव्हतं. हातात खुरपं नाही, डोक्यावर मोळी नाही. सुरुवातीला हातांचं काय करावं तेच कळेना. शेवटी मागं बांधले, साहेबासारखे. जैनब म्हणाली, "आता बोट दावून मजुरांस्नी शिव्या दे म्हंजी पुरं झालं."

मसाल्याची बाग मंदाच्या ओट्यावर झाली. ती गावात मसाला करून विकते. मिरच्या, धने, दगडफूल, कर्णफूल, नाकेश्वर, सगळं तिनं सुपात वेगवेगळं मांडलं आणि वास घेऊन ओळखायला लावलं. गुरुजींचे पाचापैकी दोन बरोबर आले. शाळेत मी गेले नाही, त्यामुळं मास्तर नापास झालेला मी आयुष्यात पहिल्यांदाच बघितला.

दुपारी मोटरसायकल वाजली. दत्ता. सकाळची शिफ्ट टाकून आलेला.

"आई, चल. बॅग कुठंय?"

"बस आधी. पाणी पी."

"पाणी ऱ्हाऊ दे. सगळीकडं झालंय. लोकं हसाय लागलीत, केरळला गेलेली म्हातारी राहूत हाय म्हणून."

"हसू दे. त्यांचं तोंड, त्यांचं दात."

"पर हितं करणार काय तू आठ दिवस?"

मी त्याला समोर बसवलं. म्हटलं, "दत्ता, एक सांग. आज तुझ्यासंगं आले, तर पुन्यांदा मला पाठवशील कुठं?"

तो मोटरसायकलच्या किल्लीशी खेळत राहिला. लहानपणीही असाच, खोटं बोलायची वेळ आली की हातातल्या वस्तूशी खेळायचा.

"खोटं बोलला न्हाईस, चांगलं केलंस," मी म्हटलं. "आता ऐक. हे आठ दिवस मला कंपनीनं दिलं न्हवतं. तू बी दिलं न्हाईस. माझंच हायेत. कंपनी बुडाली, दिवस कुठं बुडाले? गुरुजी, शेवटच्या दिवशी काय लिव्हलंय?"

गुरुजींनी लगेच वाचलं, "सायंकाळी पाच वाजता दौंड स्टेशन येथे आगमन."

"ऐकलंस? तवा यायचं. पाचला. उशीर करू नको, आमी दमलेल्या असू."

जैनबनं त्याच्यासमोर पिठलं-भाकरीचं ताट ठेवलं. म्हणाली, "जेव बाबा. केरळचं जेवण हाय, नरम लागंल." तो हसला नाही. पण भाकऱ्या तीन खाल्ल्या. जाताना किल्ली लावत मला विचारलं, "गोळ्या हायेत ना बीपीच्या?" मी म्हटलं आहेत. तेवढ्यावर गेला.

तिसरा दिवस: प्राचीन मंदिर

यवतजवळ डोंगरावर भुलेश्वर आहे. शेवटचा चढ उभा आहे, बापूनं टेंपो पहिल्या गिअरमधे चढवला आणि आम्ही पातेली धरून बसलो, का पातेल्यांनी आम्हाला धरलं, सांगता येत नाही. सकाळी लवकर जा, वर वारा असतो. पाणी बरोबर न्या. आत अंधाऱ्या वाटेनं गेलं की दोन्ही अंगाला काळ्या दगडातल्या बाया उभ्या. कितीकांची तोंडं फुटलेली, हात तुटलेले.

मी देवापुढं बसले. परत आले तर जैनब एका दगडी बाईसमोर उभी, तिचं मनगट चाचपत.

"काय गं?"

"बांगड्या बघतेय. कासार चांगला होता, पर माप चुकलंय. बघ, घट्ट झाल्यात. हिचा हात दुखत आसंल."

"दगडाचा हात दुखतोय व्हय?"

"हौसे, घट्ट बांगडी घातलेल्या बाईचं तोंड मला कळतं. हिचं तोंड फुटलंय, तरी बी कळतंय."

मग आम्ही दोघी सगळ्या बायांच्या बांगड्या बघत फिरलो. कुणाला चार, कुणाला हातभर. गुरुजी शांताबाईंना कुठल्या राजानं काय बांधलं ते सांगत होते आणि शांताबाई आमच्याकडं बघत होत्या. दहा मिनिटांत त्या आमच्यात आल्या.

चौथा आणि पाचवा दिवस: बॅकवॉटर

"हाउसबोटीतून बॅकवॉटरची सैर." त्यासाठी दौंड ओलांडून भिगवणला गेलो. तिथं धरणाचं पाणी फुगून असं पसरलंय की पलीकडचा काठ दिसत नाही. शिरूरकडच्या माणसाला एवढं पाणी बघायची सवय नाही. बघताना आधी छाती भरते आणि मग राग येतो. होड्या कोळ्यांच्या, सकाळी उन्हाच्या आधी निघतात. भाडं आधी बोलून घ्या आणि टोपी घट्ट धरा. जैनबची गेली. कंपनीची टोपी पाण्यावर तरंगत निघाली तर होडीवाला काढायला लागला. ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मामा, तिला तिच्या मालकाकडं जाऊ द्या."

आणि मग रोहित पक्षी. पांढरे, लांब पायांचे, शेकड्यांनी पाण्यात उभे. होडीवाल्यानं वल्हं थांबवलं. पहिला उडाला, मग सगळे उडाले, आणि पंखांच्या आत लपवलेला गुलाबी रंग एकदम उघडा झाला. गुरुजींचं तोंड उघडं राहिलं. शांताबाईंनी ते हातानं बंद केलं.

होडीवाल्यानं विचारलं, "कुठनं आलात, आज्जी?"

"केंदूरहून. केरळला चाललोय."

त्यानं पाण्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, म्हणाला, "बराबर वाटंला हाय."

काठावर मासे तळून मिळतात, ताजे, मसाला झणझणीत. जैनबनं आणि मी मिळून चार संपवले. गुरुजी माळकरी, ते तोंड फिरवून बापूचा मसालेभात खात होते. तांदूळ कमी पडत चालला होता. बापू नारळाच्या पोत्याकडं बघून म्हणाला, "आज्जी, एक फोडू का? रस्सा बरा व्हईल."

"हात लावून बघ. अकरा बायांचा हात लागलाय त्येला."

त्यानं पुन्हा विचारलं नाही.

सहावा दिवस

सकाळी गुरुजींनी कागद उघडला, बघितला आणि परत घडी घालायला लागले. मी म्हटलं, "वाचा की."

"आराम," ते म्हणाले.

"पुढं?"

"पुढे काही नाही. एवढंच. आराम."

मी कागद मागून घेतला. मला वाचता येत नाही, पण त्या ओळीवर बोट ठेवायला सांगितलं. सहावी ओळ, सगळ्यांत आखूड. इतक्या वर्षांत माझ्यासाठी हे कुणी लिहून दिलं नव्हतं. लिहिणारा पळून गेला म्हणून मी ते सोडणार होते थोडीच? मंदाच्या अंगणात चिंचेखाली बाजेवर पडले. जैनबनं टाचांना तेल चोळून दिलं, मग मी तिच्या. आमच्या टाचा बघून मंदा म्हणाली, "ह्या भेगात जोंधळा पेरला तर उगवंल." दिवसभर उठले नाही. या दिवसाचं एवढंच वर्णन.

सातवा दिवस: संगम

"तीन समुद्रांचा संगम." आमच्या वाट्याला दोन नद्या. राहूच्या जवळ मुळामुठा येऊन भीमेला मिळते. शेवटचा रस्ता कच्चा आहे, टेंपो लांबच ठेवून चालत गेलो. पोतं बापूच्या डोक्यावर.

पाण्याजवळ गेले आणि माझा पाय अडखळला. बायकांनी नारळ समुद्रासाठी दिले होते. मी त्यांना काय सांगू? लाडकाबाईचा लेक तिच्याशी बोलत नाही, तिनं नारळावर त्याचं नाव घेऊन डोळे पुसले होते. कमलनं पोरीच्या बाळंतपणासाठी दिला होता. हे सगळं मी दुसऱ्याच पाण्यात टाकू?

गुरुजींना विचारलं, "हे पाणी जातं कुठं?"

गुरुजी सात दिवसांत पहिल्यांदा मास्तरासारखे न बोलता हळू बोलले. "भीमा भिगवणच्या त्या धरणात जाते, हौसाबाई. तिथून पुढे पंढरपूर. मग कर्नाटकात कृष्णेला मिळते. आणि कृष्णा पूर्वेच्या समुद्राला. कन्याकुमारीच्या तीन समुद्रांतला एक तोच."

"नक्की?"

"चाळीस वर्षं हेच शिकवलं."

"मंग धरणाचं दार कवातरी उघडंलच की," जैनब म्हणाली. "नारळ थांबतील. आपल्याएवढी घाई त्यांस्नी न्हाई."

मी गुडघाभर पाण्यात उतरले. जैनबनं मागून माझा पदर घट्ट धरला. एकेक नारळ हातात घेतला, ज्या घरातला त्या बाईचं नाव घेतलं आणि सोडला. लाडकाबाई. कमल. असे दहा. ते डुलत निघाले, एकामागं एक, शाळेला निघाल्यागत. अकरावा माझ्या शेजारणीचा, तो दगडावर फोडला. तिला सांगितलंय, तुझा नारळ सगळ्यांच्या घरी गेला. खोबऱ्याचे तुकडे केले, एक जैनबनंही आपल्या नातवंडांसाठी रुमालात बांधला.

आठवा दिवस: आगमन

साडेचारला दौंड स्टेशन. गुरुजी आधी खिडकीवर गेले आणि पाच फलाट तिकिटं काढून आणली. म्हणाले, "आपण फुकट उभे राहणार नाही." बापूही आमच्याबरोबर आत आला. पहिल्या दिवशी जिथं उभे होतो तिथंच, बॅगा घेऊन उभे राहिलो. पाच वाजायला कुठलीशी गाडी आली, माणसं उतरली, आम्ही त्यांच्यात मिसळलो.

दत्ता आला होता. पाचला पाच मिनिटं होती तेव्हाच. मला वाटलं होतं तोंड फुगवून येईल. त्यानं माझी पिशवी घेतली आणि विचारलं, "कसा झाला प्रवास?"

सगळ्यांसमोर त्यानं 'प्रवास' म्हटलं. जैनबनं माझ्या दंडाला चिमटा काढला.

घरी आले तर गल्ली दारात उभी होतीच. हसायला आलेल्याही होत्या. मी आधी प्रसाद वाटला, अकराही घरी. प्रत्येकीला सांगितलं, नारळ कुठल्या पाण्यात सोडला आणि कुठल्या वाटेनं समुद्राला चाललाय. लपवलं काहीच नाही. लाडकाबाई खोबरं तोंडात घालून म्हणाली, "म्हंजी अजून वाटंवरच हाय?"

"वाटंवरच. पर निघालाय."

तिला ते पटलं. हसायला आलेल्या मग बसल्या, चहा झाला.

कंपनीचं म्हणाल तर तक्रार चालू आहे. बोलावलं की आम्ही जातो, टोपी घालून. पैसे येतील तेव्हा येतील. केरळ बघायचं राहिलंय हे खरं आहे आणि ते मी बघणार आहे. यावेळी तिकीट आधी हातात घेऊन.

पण सांगायचं ते वेगळंच. परवा पोत्याची आवराआवर करताना तो कागद सापडला. चार घड्या पडलेला, बेसनाचे डाग. मी सहाव्या ओळीवर बोट ठेवून सुनीताला म्हटलं, "हितं काय लिव्हलंय, वाच." तिनं वाचलं. आठ दिवस दोन म्हशी, दत्ताचे डबे, घरचं सगळं तिनं एकटीनं केलं होतं. मला ती एका शब्दानं बोलली नाही. हे टाइप करतानाही आत्ता तिची बोटं थांबलीत.

टाइप कर गं, थांबू नकोस. गुरुजींना मी निरोप धाडलाय, नवा कागद लिहा म्हणून. आठ दिवसांचा, सुनीताच्या नावानं. बापूचा टेंपो ठरलाय, मंदाच्या अंगणातली बाज ठरलीये, आणि सहावी ओळ तीच ठेवायचीय, आखूड. म्हशी मी बघते. दत्ताला काम एकच: आठव्या दिवशी पाच वाजता स्टेशनावर यायचं.